लिनक्स सर्व्हरवर डेस्कटॉप टाकला, पण पडदा काळाच

पॅकेजं बिनबोभाट उतरतात, शेवटपर्यंत एकही एरर दिसत नाही, मशीन रीबूट होतं आणि मग गाडं अडतं. कमांड लाइनवर सुखाने चालणाऱ्या सर्व्हरवर ग्राफिकल डेस्कटॉप चढवताना हे पुन्हा पुन्हा होतं. कारण दर वेळी वेगळं असलं तरी कारणांची यादी मात्र तीच असते. आधी तुमचं लक्षण यातलं कोणतं ते बघा.

• रीबूटनंतरही तोच जुना लॉगिन प्रॉम्प्ट येतो, जणू डेस्कटॉप टाकलाच नव्हता.
• पडदा पूर्ण काळा. फार तर डाव्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकतो.
• लॉगिनची खिडकी येते, पासवर्ड मान्य होतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तीच खिडकी समोर.
• पासवर्ड अगदी बरोबर असूनही ही खिडकी तो नाकारते. एसएसएचवर (दुसऱ्या मशीनवरून कमांड लाइनवर शिरायची वाट) मात्र तोच पासवर्ड चालतो.
• सर्व्हरसमोर बसलं तर सगळं ठीक, पण रिमोट डेस्कटॉपने जोडलं की काळा किंवा करडा चौकोन दिसतो, नाहीतर जोडणी लगेच तुटते.
• बूट व्हायला पूर्वीपेक्षा दोनेक मिनिटं जास्त लागतात.
• सगळं उत्तम चालतं, पण पंधरा-वीस मिनिटं कुणी हात लावला नाही की सर्व्हर नेटवर्कवरून गायब होतो.

एक सूचना. खालच्या सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. जिथे सांगितलेलं नाही तिथे सगळी अक्षरं लहान लिपीतली.

आधी काय करू नये

पडदा काळा दिसला की बहुतेक जण दुसरा डेस्कटॉप टाकतात. ग्नोम चालत नाही म्हणून केडीई, तेही चालत नाही म्हणून एक्सएफसीई. ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली गत आहे. डेस्कटॉप ही साखळीतली सगळ्यात शेवटची कडी. आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर उठवतो. मग सगळ्या सेवा सुरू करणारं सिस्टमडी ग्राफिकल टार्गेटपर्यंत (बूटचा डेस्कटॉपसाठीचा टप्पा) पोहोचतं. तिथे जीडीएम, लाइटडीएम किंवा एसडीडीएम यांपैकी एखादा डिस्प्ले मॅनेजर लॉगिनची खिडकी दाखवतो. पासवर्ड दिल्यावर एक्सऑर्ग किंवा वेलँडवर (पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या यंत्रणा) तुमचं सेशन सुरू होतं, आणि त्यात डेस्कटॉप उघडतो. मधली एखादी कडी तुटलेली असताना शेवटची कितीही वेळा बदलली तरी काही होणार नाही. उलट दोन डिस्प्ले मॅनेजर आणि निम्मी भरलेली डिस्क असा नवा गोंधळ तेवढा पदरी पडतो.

लक्षणावरून कडी ओळखता येते. नुसता प्रॉम्प्ट आला तर टार्गेट किंवा डिस्प्ले मॅनेजर. काळा पडदा असेल तर केबल-पोर्ट किंवा ड्रायव्हर. खिडकी पुन्हा पुन्हा येत असेल तर तुमचं होम फोल्डर किंवा भरलेली डिस्क. माझ्या पाहण्यात ग्राफिक्स ड्रायव्हरवर जितका संशय घेतला जातो, त्यामानाने तो फार कमी वेळा दोषी निघतो. म्हणून खालच्या यादीत तो शेवटी आहे.

आत शिरायची वाट

दुरुस्ती करायला कमांड लाइन हाती हवी. एसएसएच चालत असेल तर उत्तम. नसेल तर मशीनच्या कीबोर्डवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यामागे बहुतेक वेळा एक जिवंत टेक्स्ट कन्सोल असतो, तो समोर येतो. एफ३ने नाही आला तर एफ२ किंवा एफ४ दाबून बघा.

तेही जमलं नाही तर ग्रब, म्हणजे बूट होताना कर्नल सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. बूट होताना जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयवर एस्केप दाबा. मेनू दिसला की ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘सिस्टमडी.युनिट=मल्टी-यूजर.टार्गेट’ जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. सर्व्हर या एका वेळेपुरता जुन्या कमांड लाइनवर उठेल. पुढच्या बूटला हा बदल आपोआप नाहीसा होतो, त्यामुळे बिनधास्त करा.

केबल आणि पोर्ट

हसू नका. सर्व्हरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर व्हिडिओचे दोन मार्ग असतात, एक मदरबोर्डवरचा आणि एक कार्डावरचा. बूटचे संदेश एका पोर्टवर दिसतात आणि डेस्कटॉप दुसऱ्यावर उघडतो. तुम्ही पहिल्या पोर्टकडे बघत बसता आणि पडदा काळा. केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघायला काहीच खर्च नाही.

मॉनिटर जोडलेलाच नसेल तर आणखी एक गंमत होते. कार्डाला समोर पडदा सापडत नाही, मग ते चित्रच तयार करत नाही, किंवा अगदी लहान आकाराचं करतं. अशा सर्व्हरसाठी एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो. कार्डाला मॉनिटर जोडल्यासारखं वाटतं आणि बरेचदा तेवढ्यावर भागतं.

टार्गेट आणि डिस्प्ले मॅनेजर

आता पहिली कमांड:

सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट

उत्तर ‘मल्टी-यूजर.टार्गेट’ आलं तर सर्व्हरला ग्राफिकल बूट करायला कुणी सांगितलेलंच नाही. रेड हॅट, रॉकी, अल्मा या लिनक्सच्या कुटुंबात हे नेहमीचं. तिथे ‘सर्व्हर विथ जीयूआय’ हा गट नंतर टाकला तरी डिफॉल्ट टार्गेट जुनंच राहतं. उपाय एका ओळीचा (‘सुडो’ लावलं की पुढची कमांड रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने चालते):

सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट

रीबूट न करता लगेच बघायचं असेल तर ‘सुडो सिस्टमसीटीएल आयसोलेट ग्राफिकल.टार्गेट’.

डेबियन आणि उबुंटूवाले इथे फसतात. त्यांच्या सर्व्हरवर डेस्कटॉप नसतानाही या कमांडचं उत्तर सहसा ‘ग्राफिकल.टार्गेट’ असंच येतं. म्हणजे टार्गेट बरोबर आहे, पण त्यात सुरू करायला डिस्प्ले मॅनेजरच नाही, असं होऊ शकतं. म्हणून पुढची कमांड:

सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर

असं युनिट सापडलंच नाही असं उत्तर आलं तर डिस्प्ले मॅनेजर बसलेला नाही. जागा वाचवायला शिफारशीची पॅकेजं वगळली की हे हमखास होतं. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लाइटडीएम’ केलं की काम झालं. ‘फेल्ड’ दिसलं तर त्याचं कारण ‘जर्नलसीटीएल -बी -यू लाइटडीएम’ सांगेल, लाइटडीएमच्या जागी तुमच्या डिस्प्ले मॅनेजरचं नाव लिहा. तिथली लाल ओळ टिपून ठेवा, ती पुढे लागणार आहे.

आधीच दोन-तीन डेस्कटॉप टाकून झाले असतील तर डिस्प्ले मॅनेजरही दोन-तीन असणार. एका वेळी त्यातला एकच चालतो. डेबियन-उबुंटूवर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३’ केलं की कोणता हवा ते विचारणारी यादी येते. जीडीएम३ नसेल तर तिथे लाइटडीएम लिहा, यादी तीच येईल. रेड हॅट कुटुंबात नको असलेला ‘डिसेबल’ करून हवा तो ‘एनेबल’ करायचा.

डिस्क भरली आहे का

डीएफ -एच
डीएफ -आय

पहिली कमांड जागा दाखवते, दुसरी आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदी ठेवायच्या जागा. दोन्हींपैकी काहीही शंभर टक्के झालं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. लॉगिन करताना सेशनला होम फोल्डरमध्ये आणि टीएमपीमध्ये छोट्या-छोट्या फाइली लिहाव्या लागतात. जागा नसली की त्या लिहिल्या जात नाहीत, सेशन मरतं आणि तुम्ही पुन्हा लॉगिनच्या खिडकीवर येता. डिस्क भरल्याचा संदेश ती खिडकी दाखवत नाही, म्हणून शंका भलतीकडेच जाते. पूर्ण ग्नोम डेस्कटॉप काही जीबी सहज खातो, आणि सर्व्हरची रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टिम असलेला भाग) तेवढी मोठी असेलच असं नाही.

उबुंटू सर्व्हरवर तर यात एक खास मेख आहे. त्याचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कचे लवचिक हिस्से करणारी यंत्रणा) वापरतो तेव्हा पूर्ण डिस्क रूटला देत नाही, मोठा हिस्सा मोकळा राखून ठेवतो. म्हणजे डिस्क मोठी, तरीही रूट भरलेली. ‘सुडो व्हीजीएस’ चालवा. ‘व्हीफ्री’ या रकान्यात आकडा दिसला तर तेवढी जागा नुसती पडून आहे. ती घ्यायला:

सुडो एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही

यात ‘फ्री’ हा शब्द मोठ्या लिपीत, बाकी सगळं लहान. ‘-आर’ विसरू नका. त्याने फाइल सिस्टिमही सोबत वाढते, नाहीतर व्हॉल्यूम मोठा होतो आणि आतली जागा जुनीच राहते. चालू सर्व्हरवरही हे करता येतं. एवढं लक्षात ठेवा की वाढवणं सोपं असतं, नंतर कमी करणं नाही.

मोकळी जागा नसेलच तर ‘सुडो एपीटी क्लीन’ने उतरवलेल्या पॅकेजांचा साठा जातो आणि ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम’ने जुने लॉग आटोपशीर होतात. इथे ‘एम’ मोठ्या लिपीतला. निदान लॉगिनपुरती जागा होते.

इन्स्टॉलेशन अर्धवट राहिलं का

एसएसएचवरून डेस्कटॉप टाकत होता, मध्येच जोडणी तुटली, परत आल्यावर प्रॉम्प्ट दिसला म्हणून झालं असं समजलात. झालेलं नसतं. तुटलेल्या टर्मिनलसोबत इन्स्टॉलरही मरतो आणि शेकडो पॅकेजं उघडलेली पण बसवलेली नाहीत अशी लटकतात. ‘सुडो डीपीकेजी --ऑडिट’ने काहीच छापलं नाही तर ठीक. छापलं तर:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

रेड हॅट कुटुंबात ‘सुडो डीएनएफ चेक’. आणि पुढच्या वेळी एवढं मोठं काम टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत सुरू करा. जोडणी गेली तरी काम चालू राहतं.

दुसऱ्या कमांडने पॅकेजं काढायची परवानगी मागितली तर ती यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका. डेटाबेस किंवा वेब सर्व्हरचं नाव त्या यादीत दिसलं तर तिथेच थांबा.

लॉगिनचं चक्र

पासवर्ड बरोबर असून खिडकी तो नाकारत असेल तर पहिला प्रश्न: तुम्ही रूट म्हणून शिरताय का? भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर बरेचदा रूट हा एकच यूजर मिळतो. डेबियन आणि उबुंटूमध्ये जीडीएम रूटला ग्राफिकल लॉगिन करू देत नाही. हा नियम पॅमच्या (लॉगिन तपासणारी यंत्रणा) फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि तो काढून टाकण्याच्या युक्त्या सगळीकडे सापडतात. काढू नका. रूटच्या डेस्कटॉपमध्ये उघडलेला ब्राउझरही रूटच्या अधिकाराने चालतो. ‘सुडो ॲडयूजर’ने साधा यूजर बनवा, त्याला सुडोच्या गटात घ्या, विषय संपला.

पासवर्ड मान्य होऊन परत खिडकीच येत असेल तर तोच नवा यूजर निदानाला कामी येतो. त्याच्या नावाने लॉगिन करा. तो नीट आत गेला तर सिस्टिम ठणठणीत आहे आणि दोष तुमच्या जुन्या होम फोल्डरमध्ये आहे. तोही अडकला तर दोष सगळ्या सिस्टिमचा आहे, आणि होम फोल्डर उपसण्यात अर्थ नाही. एवढ्या स्वस्तात इतकं सांगून जाणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

होम फोल्डरमध्ये बहुधा मालकीचा घोळ असतो. ‘एलएस -एलए ~’ करा आणि ‘.एक्सऑथॉरिटी’, ‘.आयसीईऑथॉरिटी’, ‘.कॉन्फिग’, ‘.कॅश’ यांच्यापुढे मालक म्हणून रूट लिहिलंय का ते बघा. कुणीतरी सुडो लावून स्टार्टएक्स किंवा एखादं ग्राफिकल ॲप चालवलेलं असतं, आणि त्याने रूटच्या नावाने तिथे फाइली करून ठेवलेल्या असतात. आता तुमच्याच घरातल्या फाइलवर तुम्हाला लिहिता येत नाही.

सुडो चाउन -आर नाव:नाव /होम/नाव

‘चाउन’ म्हणजे सी-एच-ओ-डब्ल्यू-एन. ‘आर’ मोठ्या लिपीतला. ‘नाव’च्या जागी यूजरचं नाव, आणि एंटर दाबण्याआधी मार्ग दोनदा वाचा. ‘होम’च्या आधी चुकून जागा सुटली तर ही कमांड पूर्ण सिस्टिमची मालकी बदलत सुटते, आणि ते पूर्ववत करण्यापेक्षा सर्व्हर नव्याने बसवणं सोपं पडतं.

मालकी ठीक असेल तर ‘.प्रोफाइल’ आणि ‘.बॅशआरसी’ बघा. त्यात कधीतरी लिहिलेली एखादी चुकलेली स्क्रिप्ट एसएसएचला फारशी बाधत नाही, पण ग्राफिकल सेशन तिथेच संपू शकतं. एक्सऑर्गच्या सेशनमध्ये होम फोल्डरमधली ‘.एक्ससेशन-एरर्स’ ही फाइल कारण सांगते. नसेल तर जर्नल.

दोष सगळ्या सिस्टिमचा असेल तर ‘एलएस -एलडी /टीएमपी’. परवानगीच्या अक्षरांच्या शेवटी ‘टी’ हवा. नसेल तर ‘सुडो चमॉड १७७७ /टीएमपी’ (चमॉड म्हणजे सी-एच-एम-ओ-डी).

रॅम

‘फ्री -एच’. उबुंटूचा ग्नोम डेस्कटॉप निदान ४ जीबी रॅमची अपेक्षा ठेवतो. एक-दोन जीबीच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर तो उघडतो, धापा टाकतो, आणि मेमरी संपली की कर्नल एखाद्या प्रोसेसचा बळी घेतो. तो बळी कधी डेस्कटॉपचा जातो, कधी तुमच्या डेटाबेसचा. ‘सुडो डीमेसेज’च्या (डी-एम-ई-एस-जी) उताऱ्यात ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. सापडलं तर हलका डेस्कटॉप घ्या, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी. सर्व्हरसाठी मी कुणालाही आधी एक्सएफसीईच सुचवतो. दिसायला साधा आहे, पण थ्रीडी प्रवेग (ॲक्सिलरेशन) नसलेल्या हार्डवेअरवरही तो नीट चालतो.

झोपणारा सर्व्हर आणि दोन मिनिटांचा खोळंबा

या दोन्हींचा काळ्या पडद्याशी संबंध नाही, पण दोन्ही डेस्कटॉपसोबतच येतात.

ग्नोमची वीज वाचवण्याची सेटिंग लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. कुणी लॉगिन केलेलं नसलं तरी जीडीएमची खिडकी स्वतः एक छोटं सेशन असते, आणि तिलाही तीच सेटिंग लागू पडते. ठरलेला वेळ कुणी कीबोर्डला हात लावला नाही की ती अख्खा सर्व्हर झोपवते. एसएसएचवर कुणी काम करत असलं तरी तिच्या हिशेबात ते धरलं जाईलच असं नाही. तुमच्या खात्यातली सेटिंग बदलून हे थांबत नाही, कारण झोपवणारं खातं जीडीएमचं. थेट झोपेची वाटच बंद करा:

सुडो सिस्टमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट हायबरनेट.टार्गेट हायब्रिड-स्लीप.टार्गेट

सर्व्हरवर ग्नोम टाकलात की लक्षण दिसायची वाट न बघता ही ओळ चालवा.

बूटच्या खोळंब्यामागे बहुधा नेटवर्क असतं. उबुंटू सर्व्हरवर नेटवर्क ‘सिस्टमडी-नेटवर्कडी’ सांभाळतं. डेस्कटॉप आपल्यासोबत नेटवर्कमॅनेजर आणतो. एकाच कामावर दोन कारभारी. त्यांचं नीट ठरलेलं नसलं, किंवा एखाद्या पोर्टला केबलच नसली, की ‘सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन’ ही सेवा नेटवर्क यायची वाट बघत १२० सेकंद बसून राहते. सर्व्हरचा पत्ता आधीपासून नेटवर्कडीकडे असेल तर तो तिथेच राहू द्या. डेस्कटॉपवर ते कार्ड ‘अनमॅनेज्ड’ दिसेल, त्यात बिघाड काही नाही. रिकाम्या पोर्टसाठी नेटप्लॅनच्या (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) फाइलमध्ये ‘ऑप्शनल: ट्रू’ लिहा.

दूरच्या सर्व्हरवर नेटप्लॅन बदलताना ‘अप्लाय’ऐवजी ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’ वापरा. तुम्ही १२० सेकंदांत एंटर दाबून होकार दिला नाही तर ते जुनी सेटिंग परत आणतं. जोडणी तुटून सर्व्हर कायमचा हातचा जाण्यापासून एवढीच गोष्ट वाचवते.

फक्त रिमोटवर काळा पडदा

एक्सआरडीपी (रिमोट डेस्कटॉप पुरवणारी सेवा) वापरत असाल तर आधी बघा की त्याच नावाने कुणी सर्व्हरसमोर लॉगिन करून बसलेलं तर नाही. एकाच यूजरची दोन ग्राफिकल सेशन एकमेकांच्या पायात येतात आणि रिमोटवाल्याला काळा पडदा मिळतो. समोरचं सेशन लॉगआउट करा, किंवा रिमोटसाठी वेगळा यूजर ठेवा.

नंतर, कोणता डेस्कटॉप उघडायचा ते एक्सआरडीपीला कळलंय का? होम फोल्डरमध्ये ‘.एक्ससेशन’ नावाची फाइल करून त्यात ‘एक्सएफसीई४-सेशन’ एवढी एकच ओळ लिहा. डेबियन-उबुंटूवर ‘सुडो ॲडयूजर एक्सआरडीपी एसएसएल-सर्ट’ करून ती सेवा पुन्हा सुरू करा. नाहीतर तिला स्वतःच्याच सर्टिफिकेटची किल्ली वाचता येत नाही.

व्हीएनसी (रिमोट डेस्कटॉपची दुसरी पद्धत) असेल तर काळा पडदा दुरुस्त करण्याआधी पोर्ट बघा. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीमध्ये पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात आणि पुढची वाहतूक एन्क्रिप्ट होत नाही. ५९०१ किंवा आरडीपीचं ३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. एसएसएचच्या बोगद्यातून न्या:

एसएसएच -एल ५९०१:लोकलहोस्ट:५९०१ नाव@सर्व्हर

‘एल’ मोठ्या लिपीतला. मग व्हीएनसीचा क्लायंट तुमच्याच मशीनच्या ५९०१वर जोडायचा.

आता ड्रायव्हर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि पडदा तरीही काळाच असेल, तरच ड्रायव्हरकडे वळा. ‘एलएसपीसीआय -के’ चालवा, त्यात ‘व्हीजीए’ असलेली ओळ शोधा आणि खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ आहे का बघा. ती ओळ नसेल तर कर्नलने कार्ड हाती घेतलेलंच नाही.

व्हर्च्युअल सर्व्हरवर त्याचं कारण बरेचदा कर्नलच असतो. क्लाउडसाठी छाटलेल्या कर्नलमध्ये अनेक ड्रायव्हर मुळातच वगळलेले असतात. उबुंटूवर ‘लिनक्स-जेनेरिक’, डेबियनवर ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ टाकून त्या कर्नलवर बूट करा. त्याआधी सर्व्हर पुरवणाऱ्याच्या कन्सोलमधून ग्रब दिसतो याची खात्री करून घ्या.

खऱ्या सर्व्हर बोर्डांवर ॲस्पीड किंवा मॅट्रॉक्स जी२००सारखी चिप असते. ती पडद्यावर अक्षरं दाखवण्यापुरती. थ्रीडीचं काम तिच्याकडून होत नाही, ते सगळं सीपीयूवर येतं. तिथे ग्नोम रांगत असेल तर बिघाड शोधू नका, एक्सएफसीई घ्या.

जीडीएमची खिडकी येण्याआधीच काळं होत असेल तर वेलँड बंद करून बघा. उबुंटूवर ‘/ईटीसी/जीडीएम३/कस्टम.कॉन्फ’, डेबियनवर त्याच फोल्डरमधली ‘डीमन.कॉन्फ’, रेड हॅट कुटुंबात ‘/ईटीसी/जीडीएम/कस्टम.कॉन्फ’. त्यातल्या ‘वेलँडएनेबल=फॉल्स’ या ओळीपुढची हॅशची खूण काढा आणि जीडीएम पुन्हा सुरू करा. ही युक्ती जुन्या आवृत्त्यांपुरतीच उरली आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १०मधून एक्सऑर्ग सर्व्हर काढून टाकलाय, आणि उबुंटू २५.१०पासून ग्नोमचं एक्स११ सेशन गेलंय. अशा नव्या सिस्टिमवर जुने सल्ले वाचून ही ओळ शोधत बसू नका.

‘नोमोडसेट’ हाही असाच प्रसिद्ध सल्ला. ग्रबमध्ये वरच्याच पद्धतीने, ‘लिनक्स’च्या ओळीला तो शब्द जोडला की कर्नल खरा ड्रायव्हर वापरत नाही आणि साध्या चित्रावर काम भागवतो. त्याने पडदा उजळला तर दोष ड्रायव्हरचा हे सिद्ध झालं. तो कायमचा ठेवून देणं हा उपाय नाही, त्याने प्रवेग आणि रेझोल्यूशन दोन्ही जातात.

एनव्हिडियाचं कार्ड असेल आणि कर्नल अपडेटनंतर अचानक काळं झालं असेल तर ‘डीकेएमएस स्टेटस’. नव्या कर्नलसमोर मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हरचा भाग) ‘इन्स्टॉल्ड’ दिसत नसेल तर बहुधा त्या कर्नलची हेडर पॅकेजं नाहीत, ती टाका. मॉड्यूल असून लोड होत नसेल तर ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल दारातच अडवतो. त्याची किल्ली नोंदवायला रीबूट होताना एक निळा पडदा येतो आणि तिथे कीबोर्डवरून होकार द्यावा लागतो. एसएसएचवरून हे होत नाही.

कुठे थांबायचं

‘डीमेसेज’मध्ये ‘आय/ओ एरर’ दिसली, किंवा फाइल सिस्टिम आपोआप फक्त वाचण्याजोगी झाली, तर डेस्कटॉपचा विषय तिथेच सोडा. डिस्क जायच्या मार्गावर असू शकते आणि प्रत्येक रीबूट धोका वाढवतो. बॅकअप नसेल तर जाणकाराला लगेच बोलवा.

सर्व्हर दूर आहे आणि एसएसएचखेरीज दुसरी वाट नाही, ना कन्सोल ना जागेवर कुणी माणूस, अशा वेळी कर्नल, ग्रब, नेटवर्क आणि सिक्युअर बूट यांना हात लावू नका. सर्व्हरवर लोकांचं चालू काम असेल आणि पॅकेज मॅनेजर काहीतरी काढायला सांगत असेल, तेव्हाही. रेडचं कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं), एन्क्रिप्ट केलेली डिस्क किंवा बायोसची सेटिंग मध्ये आली तर हे तुमचं काम उरलेलं नाही.

तोवर सर्व्हर जुन्या रूपात चालवायचा असेल तर ‘सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट’ करून रीबूट करा. डेस्कटॉप डिस्कवर पडून राहील, त्रास देणार नाही. एखादंच ग्राफिकल ॲप हवं असेल तर ‘एसएसएच -एक्स’ने, ‘एक्स’ मोठ्या लिपीतला, ते तुमच्या मशीनवर उघडता येतं. त्यासाठी सर्व्हरवर ‘एक्सऑथ’ आणि तुमच्याकडे एक्स सर्व्हर हवा. नुसत्या सेवा, लॉग आणि डिस्क बघायच्या असतील तर कॉकपिट टाका, ते ब्राउझरमध्ये ९०९० पोर्टवर उघडतं.

जाणकाराला बोलवताना ‘पडदा काळा आहे’ एवढंच सांगू नका. लिनक्सची आवृत्ती, ‘डीएफ -एच’, ‘सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर’ आणि ‘एलएसपीसीआय -के’चा उतारा, शिवाय ‘जर्नलसीटीएल -बी -पी ३’मधल्या एररच्या ओळी एका फाइलमध्ये भरून पाठवा. आणि मधल्या काळात काय-काय टाकलं, काय काढलं, तेही लिहा.